ड्राइव्हवेवरचा काळा थर
न्यू जर्सीत घर घेतलं की काही वर्षांत मराठी माणसालाही ड्राइव्हवेचा प्रश्न पडतोच. डांबर करडं पडलेलं, कडेला भेगा, आणि नेमका अशा वेळी दारात ट्रक येऊन उभा राहतो: ‘शेजारच्या कामातला माल उरलाय, निम्म्या दरात करून देतो.’ अशा माणसाला गोड बोलून वाटेला लावावं. तो देतो तो काळा थर पहिल्या हिवाळ्यातच उडतो, आणि तोवर त्याचा फोनही लागत नसतो. असा काळा थर, म्हणजे सीलर, स्वतः लावायचा तर आधी भेगांतलं गवत उपटा, भेगा भरा, गाडीखालचे तेलाचे डाग धुऊन काढा. डागावर सीलर धरत नाही, त्याची सालपटं निघतात. एकच जाड थर फासण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. हवा १० अंश सेल्सिअसच्या वर हवी, रात्रीसुद्धा. म्हणून ऑक्टोबर सरत आला की हा विचार वसंतापर्यंत बाजूला ठेवा. मात्र मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी पडली असेल, तर सीलरचा खर्च पाण्यात. तिथे खालचा खडीचा थरच खचलेला असतो, तो भाग उकरून काढावा लागतो. न उकरता वर दीड-दोन इंचांचं नवं डांबर टाकलंत, तर तीच जाळी पुन्हा वर येते. शिवाय उंची वाढून पावसाचं पाणी गॅरेजकडे वळतं, ते वेगळंच. आणि कोल-टारचा सीलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्यातल्या कर्करोगकारक घटकांमुळे वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्येच त्यावर बंदी घातली आहे.