सत्कारानंतर प्राध्यापकाचं काय होतं?

गेल्या महिन्यात आमच्या शहरातल्या शादीखान्यात गुणवंतांचा जलसा झाला. नीटवाले, एमपीएससीवाले आणि सगळ्यात शेवटी नेट पास झालेली एक मुलगी. शाल, ट्रॉफी, फोटो. जेवणाच्या रांगेत तिनं मला विचारलं, "सर, आता पुढं काय करायचं असतं?" शेजारी संस्थेचे अध्यक्ष उभे होते. ते हसून म्हणाले, "अगं, आता काय राहिलं? प्रोफेसर झालीस तू!"

नेट ही पात्रता आहे, नोकरी नाही, हे अध्यक्षांना माहीत नव्हतं. पण माझा राग त्यावर नाही. नोकरी लागली की माणूस पोहोचला, ही जी आपली समजूत आहे तिच्यावर आहे.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात प्राध्यापकांमधला मुस्लिमांचा वाटा साडेपाच टक्क्यांच्या आसपास दिसतो. २०११च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.२ टक्के होती. या आकड्यांवर आपण तावातावानं भाषणं करतो. जे आत गेले ते आत जाऊन कुठं अडकले, याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

मी अडकलो होतो. २०१२ला नेटवर लागलो. पीएचडी असेल तर चार वर्षांनी पुढची श्रेणी, नसेल तर सहा वर्षांनी, हा साधा नियम मला तिसऱ्या वर्षी कळला. पेपर कसा लिहायचा ते येत नव्हतं, म्हणून पैसे भरून दोन छापून घेतले. मे २०१८मध्ये यूजीसीनं आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, त्यात माझंही निघालं. रिफ्रेशर कोर्स राहून गेला होता, फाइल परत आली.

विचारायचं कुणाला? विभागप्रमुखांना? प्राचार्यांना? पदोन्नतीच्या छाननी समितीत तेच बसणार. ज्याच्या हातात आपली फाइल, त्याच्यासमोर "मला लिहिता येत नाही" असं कोण कबूल करेल? त्यात आडनाव वाचून आधीच अंदाज बांधणारे दोन-चार जण प्रत्येक स्टाफरूममध्ये असतात. आपण गप्प बसतो.

१९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. मग त्यांचं नाव बदललं, आता त्यांना मालवीय मिशनचं नाव आहे. मी तिथं बसून आलोय. व्याख्यानं, चहा, प्रमाणपत्र. तुझं नेमकं काय अडलंय, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारलं दुसऱ्या शहरातल्या एका निवृत्त प्राध्यापिकेनं. महिन्यातून एक तास, फोनवर, फी घेऊन. फीचं मला विचित्र वाटलं होतं. आपल्याकडे सल्ला फुकटच असतो आणि म्हणूनच तो ऐकला जात नाही. बाईंनी सल्ला असा दिलाच नाही. प्रश्न विचारले. या आठवड्यात कोणत्या वारी, किती वाजता लिहिणार? ही तीन कामं तुमच्याकडे आली कशी, आणि यातलं कोणतं तुम्ही नाकारू शकला असता? पुढच्या महिन्यात त्याचाच जाब. दोन वर्षांत प्रबंध सादर झाला. त्या माझ्या कुठल्याच समितीत नव्हत्या, म्हणून मी त्यांच्याशी खोटं बोललो नाही. कोचिंग म्हणतात ते हे. नेट-सेटच्या क्लासचं नाव तेच असलं तरी ती वस्तू वेगळी.

अमेरिकेत केरी अ‍ॅन रॉकमोर या समाजशास्त्राच्या प्राध्यापिकेनं अशाच कामाची संस्था उभारली. त्याआधी २००८मध्ये सहलेखिकेबरोबर तिनं कृष्णवर्णीय प्राध्यापकांसाठी नोकरीत कायम होण्याचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं होतं. रोज किमान अर्धा तास लिहा, दर आठवड्याला छोट्या गटाला हिशेब द्या, एवढं साधं तिचं सूत्र. जे विभागात एकटे पडतात, त्यांना बाहेरचा माणूस जास्त लागतो, हे त्यांना उमगलं होतं.

मित्र म्हणतात, जागाच भरत नाहीत, तासिका तत्त्वावर पोरं झिजतायत, आणि तू कोचिंगच्या गोष्टी करतोस? बरोबर आहे. रिकाम्या जागांवर कोचिंग हा उतारा नाही, आणि तसं सांगून दुकान थाटणाऱ्याला दारात उभं करू नये. पण तासिकेवरच्या माणसालाही कुणीतरी विचारायला हवं की ही वाट अजून किती वर्षं, आणि दुसरी कोणती उघडी आहे.

आपल्या अल्पसंख्याक संस्थांचं तर बोलायलाच नको. कलम ३०चा हवाला द्यायला संचालक पुढं असतात. त्यांच्याच कॉलेजातला शिक्षक उन्हाळाभर प्रवेशासाठी दारोदार फिरतो, त्याला लिहायला कोणता महिना उरतो?

मी आमच्या जलसेवाल्या संस्थेला एक पानाचा प्रस्ताव दिला. दहा निवृत्त प्राध्यापक शोधायचे. प्रत्येकाकडे दोन तरुण, तेही दुसऱ्या कॉलेजातले. वर्षभर, महिन्याला एक तास, बोलणं दोघांतच राहील. फी संस्थेनं द्यायची. एका जलशाच्या मंडप-जेवणाचा खर्च मी शेजारी लिहून दाखवला.

उत्तर आलं, पुढच्या बैठकीत बघू. त्या बैठकीचा विषय होता यंदाच्या ट्रॉफ्यांची उंची. त्या मुलीला मी माझ्या बाईंचा नंबर दिलाय. पहिल्या तीन महिन्यांची फी मी भरली.