छडी कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो,



अमेरिकेत शिकागो शहरात दर डिसेंबरला शाळा-कॉलेजांतल्या बँडशिक्षकांची एक मोठी परिषद भरते. तिचं नाव ‘मिडवेस्ट क्लिनिक’. १९४६ साली ती सुरू झाली. तिथं कार्यशाळा होतात, नव्या रचना ऐकवल्या जातात आणि निवडून आलेल्या शाळांची मुलंमुली हजारो जाणकारांपुढं वाजवतात. तिथलं बोलावणं म्हणजे शाळेचा मान आणि छडी हलवून बँड वाजवून घेणाऱ्या शिक्षकाचाही मान.

पाणी, रोजगार, मारहाण हे प्रश्न दारात उभे असताना शिकागोच्या बँडची गोष्ट कशाला, असं तुमच्यातल्या काहीजणी विचारतील. मला ती सांगावीशी वाटते, कारण तिथं जे घडलं ते आपण दूध सोसायटीत, शाळा समितीत, ग्रामपंचायतीत रोज पाहतो. कष्टाला बायका आणि अधिकाराला पुरुष, ही वाटणी सुरांच्या दुनियेतही चुकलेली नाही.

तिकडच्या बऱ्याच शाळांत बँड हा वेळापत्रकातला विषय असतो आणि बँडशिक्षक ही पगारी नोकरी. लहान मुलांना गाणं शिकवणाऱ्या बहुतेक बाया, तर हायस्कूलचा बँड घडवणारे बहुतेक पुरुष. बँडमास्तरांची मानाची संघटना, ‘अमेरिकन बँडमास्टर्स असोसिएशन’, १९२९ साली निघाली. तिच्यात पहिल्या बाईला सभासदत्व मिळालं १९८४ साली, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी. त्या ग्लॅडिस स्टोन राइट. ओरेगन आणि इंडियाना राज्यांतल्या शाळांचे बँड त्यांनी वर्षानुवर्षं घडवले होते. पण बोलावण्याची वाट बघत त्या बसून राहिल्या नव्हत्या. १९६९ साली बँडशिक्षिकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच झाल्या. मोठ्या वाड्याचं दार उघडत नसेल तर आधी आपला ओटा बांधावा, हे शहाणपण आपल्या मंडळांना नवीन नाही.

कायद्याचंही बळ लागलंच. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला. मिशिगन विद्यापीठाच्या संचलन बँडमध्ये मुली आल्या त्या १९७२ साली आणि ओहायो स्टेटच्या बँडमध्ये १९७३ साली. तोवर मुलगी कितीही चांगली वाजवो, त्या रांगेत तिला जागा नव्हती. आणि रांगेतच जागा नसेल तर पुढं छडी हातात येणार कुठून?

पण कायदा दार उघडतो, मनातली वाटणी तशीच राहते. १९७८ साली हॅरॉल्ड एबलस आणि सुझन पोर्टर या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की वाद्यांनाही आपण बाई आणि पुरुष करून ठेवलंय. बासरी, व्हायोलिन, क्लॅरिनेट मुलींची. ढोल, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन मुलग्यांची. पुढच्या अभ्यासांतही ही वाटणी फारशी पुसलेली दिसली नाही. म्हणजे हळुवार तिचं आणि दणदणीत त्याचं. दहा-अकरा वर्षांची पोर वाद्य निवडते तेव्हा घर, शेजार आणि शाळा तिच्या आधीच निवड करून मोकळी झालेली असतात.

मुलींच्या छातीत तेवढा दम नसतो, हे कारण तर ठेवणीतलं. त्याचं उत्तर मिसिसिपी राज्यातल्या पायनी वुड्स या गरीब काळ्या मुलांच्या शाळेतल्या मुलींनी कधीच दिलंय. शाळेसाठी पैसा उभा करायला तिथं १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुलींचा बँड काढला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, ढोल, सगळं मुलीच वाजवायच्या. १९४१ साली हा बँड शाळेपासून वेगळा झाला, स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ या नावानं गाजला. १९४५ साली त्यांनी युरोपात जाऊन सैनिकांपुढं वाजवलं.

आता आपल्याकडं वळू. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं दिल्लीत शाळांची राष्ट्रीय बँड स्पर्धा होते. तिच्यात मुलग्यांचे आणि मुलींचे गट वेगळे असतात. वेगळ्या गटाचा एक फायदा मला दिसतो. पथक सगळं मुलींचंच, म्हणून मोठा ढोलही मुलीच्याच गळ्यात पडतो. पण त्या ढोलामागं शिकवणारं कोण उभं आहे, हे वेगळा गट काढून ठरत नाही. आपल्या लेझीम आणि ढोलताशा पथकांतही आज मुली हौसेनं येतात. फोटो त्यांचेच छापून येतात. ठेका कुणी ठरवायचा, हा प्रश्न मात्र फोटोत दिसत नाही.

आणि सरावाचं काय? सराव असतो शाळा सुटल्यावर. तेव्हा मुलगी थांबू शकते का, की धाकट्या भावाला सांभाळायला, पाणी भरायला तिला घरी पळावं लागतं? अंधार पडल्यावर तिला घरी कोण पोचवतं? ढोल उचलायला दंडात जोर लागतो हे खरं, पण त्याआधी हातात मोकळा वेळ लागतो. मुलींना तोच मिळत नाही.

म्हणून या वेळी एक काम सुचवते. आपापल्या गावच्या, वस्तीच्या शाळेत स्नेहसंमेलनाला किंवा २६ जानेवारीला जा आणि चार गोष्टी टिपून घ्या. मोठा ढोल कुणाच्या गळ्यात आहे? शिट्टी कुणाच्या तोंडात आहे? शिकवायचं मानधन कुणाला मिळतं? आणि सरावाला येणं कोणत्या मुलींनी, कशामुळं सोडलं? मुलींशी बोला, त्यांच्या आयांशी बोला. मुख्याध्यापकांना विचारा, की पुढच्या वर्षी शिट्टी एखाद्या मुलीकडं का देऊ नये?

जे दिसेल ते आम्हाला लिहून कळवा. पोस्टकार्डभर मजकूरही पुरे. पुढच्या अंकात ते सगळं एकत्र छापू.

तुमची,
संपादक