प्रत्ययाचे कूळ आणि कर्त्याचा लोप

मराठीतील शब्दसिद्धीची चर्चा अद्याप वंशावळीतून बाहेर पडलेली नाही. मो. के. दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. शतक उलटले, तरी वर्गात बहुधा शिकविली जाते ती संस्कृत, फारसी-अरबी आणि मराठी उपसर्ग-प्रत्ययांची यादीच. देशीवादाचा सुलभ अवतार या यादीलाच मूल्यविवेक मानतो : देशी घडण अनुभवाशी प्रामाणिक, तत्सम घडण सत्तेची. हा समज कोयनानगरात टिकत नाही.

कोयनेच्या धरणाने खोऱ्यातील गावे उठविली. ११ डिसेंबर १९६७ रोजी येथे भूकंप झाला. 'धरणग्रस्त' आणि 'भूकंपग्रस्त' हे शब्द एकाच साच्यातले. 'ग्रस्त' हे मुळात कर्मणी धातुसाधित. आज ते जवळजवळ प्रत्ययासारखे चालते. त्या साच्यात धरण आणि भूकंप एका पंक्तीत बसतात व मनुष्याचा निर्णय नैसर्गिक आपत्तीसारखा भासू लागतो.

येथवर देशीवाद्यांची सरशी वाटेल. परंतु 'बुडीत क्षेत्र' पाहावे. 'बुडीत' अस्सल मराठी. पण तो 'बुडविणे'पासून नव्हे, अकर्मक 'बुडणे'पासून साधला आहे. जणू गावे आपोआप बुडाली! उलट, तत्सम 'विस्थापित' घ्या. 'स्थित'मध्ये नसलेला प्रयोजकाचा अंश 'स्थापित'मध्ये आहे. कोणीतरी हलविले, ही साक्ष शब्दाच्या घडणीतच उरते. मात्र 'पुनर्वसन' तितकाच तत्सम असून त्यात प्रयोजक नाही : वसण्याची क्रिया वसणाऱ्याचीच. 'पुन्हा वसविणे' म्हटले की मराठीचा '-वि-' वसविणाऱ्याची जबाबदारी परत आणतो.

वाक्यात कर्ता येतोच, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु अर्ज, दाखले, मथळे यांत वाक्य नसते; तेथे सुटा शब्दच माणसाची ओळख ठरवितो.

तेव्हा शब्दाची नैतिक बाजू प्रत्ययाच्या कुळावर ठरत नाही. कर्त्यासाठी तो जागा ठेवतो की नाही, यावर ठरते. वंशावळ पाठ करून घेणारे व्याकरण आणि तिची पूजा बांधणारी समीक्षा, दोघेही हा प्रश्न विद्यार्थ्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. शब्दसिद्धी पाच गुणांच्या प्रश्नापुरती उरली आहे, याचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही. तो आपल्याकडे, शिकविणाऱ्यांकडे येतो.