क्राउनचे ४३ दात

माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी जुनी पेट्रोल जीप घेतली. विलीसच्या परवान्याने महिंद्रा बनवत असे ती, उंच बॉनेटची सीजे-३बी. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. प्यूजोच्या बनावटीचं, २११२ सीसीचं, महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये असायचं तेच. आरटीओची परवानगी, आरसी बुकात नोंद, सगळं रीतसर केलं हो. आता तक्रार अशी की मुंबई-आग्रा रस्त्यावर सत्तरच्या पुढे गेलं की इंजिन नुसतं ओरडतं. मिस्त्री म्हणतो, मागचं क्राउन-पिनियन बदलू, गाडी पळेल.

"मावशी, तुला काय वाटतं?" त्याने विचारलं ते गमतीनेच. मला गाडी चालवता येत नाही. पण सातवीच्या पोरांना त्रैराशिक शिकवण्यात जन्म गेला, आणि हे सगळं त्रैराशिकच आहे. शिवाय त्या गाडीत बसणार मीच आहे!

त्याच्या जीपच्या क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे इंजिनाकडचा दांडा ५.३८ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. टायरवर खडूने खूण केली, जीप अंगणात एक फेरी पुढे ढकलायला लावली आणि शिलाईच्या टेपने अंतर मोजलं. २.२ मीटर भरलं. टॉप गिअर सरळ एकास एक. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर वेग होतो ताशी ७४ किलोमीटर. मूळ पेट्रोल इंजिन ४००० पर्यंत खुशाल जायचं, म्हणून तेव्हा हा प्रश्न आलाच नसावा.

मिस्त्री देतोय ते ३९ आणि ८ दातांचं. त्यावर त्याच फेऱ्यांना वेग येतो ८१. म्हणजे एवढा खर्च करून मिळाले सात किलोमीटर! आणि त्या सातांच्या बदल्यात चाकाकडची ओढ प्रत्येक गिअरमध्ये नऊ टक्क्यांनी घटली. डिझेल म्हणजे ओढ जास्त असा सगळ्यांचा समज. पण हे इंजिन टर्बोचं नाही, जुन्या पेट्रोल इंजिनापेक्षा याची ओढ उलट कमीच आहे. कसारा घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढताना त्या नऊ टक्क्यांचा हिशोब कोण देणार?

मला खरा राग आला तो "मागचं" या शब्दाचा. अहो, ही फोर व्हील गाडी. पुढे ४३ दातांचं आणि मागे ३९ दातांचं ठेवलं, तर फोर व्हील टाकल्याबरोबर पुढची चाकं एका हिशोबाने फिरणार, मागची दुसऱ्या. चिखलात एक वेळ घसरून निभेल, पण कोरड्या रस्त्यावर दांडे आणि दातेच तुटायचे. बदलायचं तर दोन्ही बदलावं लागतं. हे भाच्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाच गिअरचा गिअरबॉक्स हा त्यापेक्षा शहाणा मार्ग. पाचवा गिअर ०.८५ चा मिळाला तर क्राउनला हात न लावता ८७ चा वेग येतो. पहिल्या गिअरची ओढही फारशी जात नाही, अर्थात त्याचा पहिला गिअर नीट पाहून घेतला तर. पण तो गिअरबॉक्स लांबीला मोठा. जीप आखूड, मागचा प्रोपेलर शाफ्ट आधीच लहान. तो आणखी लहान झाला की तिरका बसतो आणि क्रॉस लवकर जातात.

म्हणून माझं मत मी स्पष्ट सांगितलं. इंजिन पसंत करायच्या आधी रस्ता ठरवायला हवा होता. तुला रोज मुंबईला जायचंय का? नाही. वणी, त्र्यंबक, फार तर भंडारदरा. मग ४३ दातच राहू देत. शिवाय ब्रेक अजून जुने ड्रमचेच आहेत, ८७ ने पळणारी गाडी ते कशी थांबवणार?

भाचा म्हणाला, "मग सगळे ट्रक मला मागे टाकतील."

टाकू देत. तो अजून गप्प आहे, मिस्त्रीचा रोज फोन येतोय. रविवारी त्र्यंबकला निघायचं ठरलंय, मी पुढच्या सीटवर.