जाहिरातीचा प्रस्ताव खरा. पण पाठवणारा कोण?

गोव्यातील दुकानदाराला पूर्वी जाहिरात करायची झाली, तर तो वृत्तपत्राच्या कार्यालयात येई. आज तोच मडगाव वा म्हापशातील एखाद्या युवतीच्या इन्स्टाग्राम खात्याकडे वळतो. मासळीची थाळी, चतुर्थीची माटोळी, पावसाळ्यातील धबधबे यांवर चित्रफिती करणाऱ्यांसाठी हे उत्पन्नाचे नवे साधन ठरले आहे. मात्र वृत्तपत्रापाशी जाहिरात विभाग, हिशेबनीस आणि वकील असतात. आशय निर्माण करणारी व्यक्ती बहुधा एकटी असते. फसवणूक करणाऱ्यांचा डोळा नेमका या एकटेपणावर असतो.

या फसवणुकीचे ठळक प्रकार दोन. पहिल्यात पैशांवर डल्ला मारला जातो. नोंदणी शुल्क, अनामत रक्कम, कुरिअरचा खर्च अशा नावांनी आधी पैसे मागितले जातात. जाहिरातीच्या व्यवहारात पैसा कंपनीकडून निर्मात्याकडे जातो. तो उलट वाहू लागला, तर तेथेच थांबावे. 'आमची वस्तू सवलतीत विकत घ्या आणि तिच्याविषयी लिहा' हा प्रस्ताव भागीदारीचा नसून निव्वळ विक्रीचा असतो.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण त्यात खातेच पळवले जाते. २०१९ च्या अखेरीपासून यूट्यूब वाहिन्यांच्या चालकांना सहकार्याचे बनावट प्रस्ताव पाठवून हे उद्योग चालल्याचे गूगलने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले होते. मार्च २०२३ मध्ये कॅनडातील 'लायनस टेक टिप्स' ही कोटीहून अधिक वर्गणीदारांची वाहिनी अशीच काही काळ चोरांच्या हाती गेली. प्रायोजकत्वाच्या प्रस्तावासोबत आलेली, पीडीएफ भासणारी फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली आणि संगणकातील लॉगिनची खूण चोरली गेली. अशी खूण हाती लागली की चोराला पासवर्डची गरज उरत नाही. म्हणून कराराच्या नावाखाली आलेली झिप फाइल किंवा 'आधी हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या' ही सूचना धोक्याची मानावी.

पडताळणी करताना बहुतेकांची गफलत प्रश्नापाशीच होते. 'ही कंपनी खरी आहे का?' एवढेच विचारले जाते. भामटे नाव खऱ्या कंपनीचेच वापरतात. तिचा जीएसटी क्रमांकही सार्वजनिक असल्यामुळे पत्रावर छापता येतो. या १५ अंकाक्षरी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात (गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७) आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. परंतु त्यातून कंपनीचे अस्तित्व तेवढे सिद्ध होते. पत्र तिनेच पाठवले का, हे कळण्यासाठी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील पत्त्यावर आपण स्वतः विचारणा करावी. आलेल्या पत्रातील दूरध्वनी क्रमांकावर नव्हे. खरी कंपनी मानधन देताना करकपातीसाठी पॅन मागेल. पासवर्ड किंवा ओटीपी मागणार नाही.

पाठवणारा खरा निघाला, तरी प्रस्ताव स्वीकारण्याजोगा असतोच असे नाही. मोबदला घेऊन केलेली शिफारस प्रेक्षकांना स्पष्टपणे सांगावी, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिकेतून बजावले. फुकटचा हॉटेल-मुक्काम हाही मोबदलाच होय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आणि वर्षभराची बंदी होऊ शकते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवली असून, तिला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. 'जाहिरात असल्याचे सांगू नका' अशी अट घालणारी कंपनी नामांकित असली, तरी जोखीम निर्मात्याच्या माथी मारत असते.

खऱ्या प्रस्तावात कामाचे स्वरूप, रक्कम, पैसे देण्याची मुदत आणि चित्रफीत किती काळ व कुठे वापरली जाईल, हे लेखी असते. 'आज रात्रीपर्यंत उत्तर द्या' हा आग्रह मात्र विचाराला उसंत मिळू नये म्हणूनच असतो. तरीही पैसे गेले, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

मोठ्या वाहिनीला एक फटका सोसवतो. डिचोली वा काणकोणातील तरुणाने दोन-तीन वर्षे खपून उभे केलेले खाते गेले, तर त्याच्यासोबत त्याचा रोजगारही जातो. त्यापुढे विचारणेचे एक पत्र पाठवून दोन दिवस थांबणे मुळीच महाग नाही.