स्नायूची जबानी

‘चढण लागली की पोटऱ्या दगडासारख्या होतात, थांबावे लागते, पण जरा दम खाऊन निघालो की मग मैलभर चाललो तरी काही होत नाही,’ अशी फिर्याद घेऊन येणाऱ्या तरुणाला पलंगावर निजवून तपासावे, बल शाबूत असल्याचा निर्वाळा द्यावा आणि अखेर त्याच्या दुखण्याची रवानगी मनोविकारांच्या दप्तरात करावी, असा अन्याय आपल्या व्यवसायात वर्षानुवर्षे घडत आला आहे. ज्या स्नायूचा दोष श्रमातच प्रकट होतो, त्याची जबानी श्रमातच घेतली पाहिजे.

१९५१ साली लंडनच्या गाईज इस्पितळातील ब्रायन मॅकार्डल यांनी तीस वर्षांच्या एका रुग्णाच्या हाताचा रक्तप्रवाह रोखून त्याला व्यायाम करावयास लावला आणि रक्तात लॅक्टेट चढत नाही एवढ्यावरून ग्लायकोजेनच्या विघटनातच खोट असल्याचे अनुमान बांधले. फॉस्फोरिलेज या विकराचा अभाव सिद्ध व्हावयास १९५९ साल उजाडले. त्यांच्या बुद्धीविषयी नितांत आदर बाळगूनही आम्ही आग्रहाने सांगू की, तो दंडाला आवळलेला पट्टा आता सोडावा. कारण रक्तप्रवाह न रोखताही उत्तर तेच मिळते, आणि रोखल्याने मात्र स्नायूंचा ऱ्हास होऊन लघवी काळसर होण्याचे व मूत्रपिंडावर बेतण्याचे भय राहते.

पट्ट्याविना परीक्षेची रीत अशी: कोपराच्या खोबणीतील शिरेत सुई बसवून विश्रांतीचा नमुना घ्यावा, मिनिटभर मूठ सर्व शक्तीनिशी आवळावयास लावावी, पुढील दहा मिनिटांत ठरल्या वेळी लॅक्टेट व अमोनियासाठी नमुने घ्यावेत आणि अमोनियाची नळी तत्क्षणी बर्फात ठेवावी, कारण ती टेबलावर राहिली तर आकडा फुगतो. अमोनिया चढून लॅक्टेट स्थिर राहिले तर दोष ग्लायकोजेन अथवा ग्लुकोजच्या विघटनात. लॅक्टेट चढून अमोनिया स्थिर राहिला तर अ‍ॅडेनिलेट डिअ‍ॅमिनेज या विकराच्या अभावाचा संशय घ्यावा. दोन्ही स्थिर राहिले तर मूठ बहुधा जोराने आवळलीच गेली नाही, तेव्हा प्रयोग पुन्हा करावा. मेदाम्लांच्या ज्वलनातील विकार या परीक्षेत निर्दोष सुटतात, हेही ध्यानात असावे. उपाशीपोटी किंवा दीर्घ श्रमानंतर दुखणे उद्भवते काय, याची पृच्छा तेथे अधिक मोलाची.

आणि प्रयोगशाळा दूर असेल तेथे एक स्थिर सायकल व नाडीवर ठेवलेले बोट यांवरही पुष्कळ भागते: मॅकार्डलच्या विकारात, म्हणजे फॉस्फोरिलेजच्या अभावात, भार तोच ठेवूनही सातव्या-आठव्या मिनिटानंतर हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-पस्तिसांनी उतरतात, आणि इतका वेळ दात-ओठ खाऊन पायडल मारणारा रुग्ण आपण होऊनच सांगतो की, आता हलके वाटते आहे.