‘हिअर’ आणि ‘लिसन’

इंग्रजी चांगलें यावें म्हणून मुलांनीं मराठी बाजूस ठेवावी, असें पुष्कळ पालक मानतात. मला हें मत उलटें वाटतें. ‘हिअर’ व ‘लिसन’ या दोहोंपुढें ‘ऐकणें’ हा एकच अर्थ लिहून विद्यार्थी पाठ करितात, आणि मग निबंधांत वाटेल तो शब्द वाटेल तेथें घालितात. वास्तविक हा भेद आपल्या घरींच आहे. खडकी स्थानकावरील गाडीची शिटी ‘मला ऐकूं येते’; गुरुजींचें बोलणें ‘मी ऐकतों’. पहिल्या वाक्यांत कर्ता ती शिटी, ती आपण होऊन कानीं पडते. दुसऱ्यांत कान देणारा कर्ता मी. ‘सी’ म्हणजे बहुधा दिसणें व ‘लुक’ म्हणजे पाहणें, हेंही तसेंच. (‘वॉच’ला मात्र ‘लक्ष ठेवून पाहणें’ असें लांबण लावावें लागतें.)

१८४७ सालीं प्रसिद्ध झालेला मोल्स्वर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश चाळून पाहावा. इंग्रजी शब्दापुढें बहुधा अनेक मराठी शब्द मांडलेले आढळतात. बाजारांतील कित्येक मार्गदर्शिकांत एकच अर्थ छापलेला असतो, आणि चुकीचें मूळ तेथें आहे. पालकांनीं रात्रीं मुलांची शब्दांची वही तपासतांना नुसता अर्थ विचारूं नये. अशा जोडशब्दांचीं दोन निराळीं मराठी वाक्यें करावयास सांगावीं.